बाबांची पहिली शिकार

"अन् मले कधी नेलं का कोणी शिकारीले?"

बाबांनी हा प्रश्न टाकला तेव्हा मी त्यांच्या आठवड्याच्या गोळ्या डबीच्या खणांत भरत बसलो होतो. २०२४ चा एप्रिल होता. अमेरिकेतून मुलाचा फोन नुकताच येऊन गेला होता. तो मिसुरी राज्यात नोकरीला असतो. त्याच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याने आपल्या ऐंशी वर्षांच्या वडिलांना आयुष्यात पहिल्यांदा टर्कीच्या शिकारीला नेले, त्याचा फोटो मुलाने पाठवला होता. झाडाच्या बुंध्याला टेकून बसलेला एक म्हातारा, अंगात पालापाचोळ्याच्या रंगाचे कपडे, मांडीवर बंदूक, आणि चेहऱ्यावर शाळेच्या सहलीला निघालेल्या पोराचा आनंद. बाबांनी तो फोटो आधी लांब धरून, मग जवळ धरून बराच वेळ न्याहाळला आणि वरचा प्रश्न विचारला.

उत्तर अर्थातच 'नाही' असे होते. पण हा प्रश्न बाबांना पडावा याचेच मला नवल वाटले. त्यांचा जन्म १९३६ चा. गांधीजी सेगावला राहायला आले आणि पुढे ज्याचे सेवाग्राम झाले, ते ते साल. आमचे गाव आंजी (मोठी). वर्ध्याहून आर्वीच्या रस्त्याने पंधराएक किलोमीटरवर, धाम नदीच्या काठी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांवर बाबांनी चाळीस वर्षे खंजिरी वाजवली आणि मांसाहार सोडून तर अर्धशतक उलटले. अशा माणसाच्या मनात शिकारीला न नेल्याचे दुःख कुठे लपून बसले असेल?

"बाबा, तुम्ही तर मुंगीसुद्धा ओलांडून जाता," मी म्हणालो.

"थे वेगळं. नेलं का, थे इचारलं मी."

मग सगळी हकिकत निघाली. आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. परवाना रानडुकरांपासून पीक राखायचा. पण दिवाळी उलटली की तिचा खरा उपयोग तितर आणि लाव्ह्यांसाठी होई. आजोबा पहाटे अंधारात निघत आणि थोरल्या दोघा काकांना बरोबर नेत. बाबा सर्वांत धाकटे. ते जागे होऊन दारापर्यंत येत आणि दारातूनच परत पाठवले जात. "बारा वर्षांचा झाला की नेतो," असा आजोबांचा शब्द होता. १९४८ मध्ये बाबांना बारावे लागायच्या दोन महिने आधी आत्याचे लग्न ठरले आणि खर्चाला पैसा कमी पडला म्हणून बंदूक विकली गेली. आत्या जिवंत होती तोपर्यंत दर राखीला बाबांच्या हाताला धागा बांधताना म्हणायची, "ही तुझ्या बंदुकीची." आम्ही मुले हसायचो. त्यात हसण्यासारखे काय आहे, हे आम्हाला ठाऊक नव्हते, आणि बाबा हसत नाहीत हेही कधी कोणाच्या लक्षात आले नाही.

त्या फोटोतली टर्की म्हणजे काय, हे बाबांना समजावून सांगणे आले. कोंबडीच्या गोत्रातला मोठा पक्षी. डोके आणि मान उघडीबोडकी, लाल-निळी. नर रंगात आला की मोरासारखा शेपटीचा पंखा करतो. मूळचा अमेरिकेचा. आपल्याकडे आला तो पोर्तुगीजांच्या जहाजांतून. १६१२ मध्ये जहांगीर बादशहाचा सरदार मुकर्रबखान गोव्याहून परतला तो हा पक्षी घेऊनच. बादशहाला त्याचे इतके अप्रूप वाटले, की त्याने आपल्या आठवणींत त्याचे वर्णन लिहिले आणि दरबारी चित्रकारांकडून चित्रेही काढवून घेतली. उस्ताद मन्सूरने काढलेले टर्कीचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पोर्तुगीज या पक्ष्याला 'पेरू' म्हणतात, असे मी सांगितले तेव्हा बाबा म्हणाले, "आपल्याकडं पेरू झाडालेच बरा."

खुद्द अमेरिकेतही हा पक्षी विसाव्या शतकाच्या आरंभी संपत आला होता. रान तुटले आणि ज्याच्या हातात बंदूक त्याने बेसुमार मारले. मिसुरी राज्याने त्याची शिकार बंद ठेवली. उरलेसुरले पक्षी जाळ्यात धरून दुसऱ्या रानांत नेऊन सोडले आणि १९६० मध्ये पुन्हा मोजक्या दिवसांपुरती परवानगी दिली. बंदुका आणि काडतुसांवरच्या खास कराचा पैसा वन्यप्राण्यांसाठीच वापरायचा असे तिथे १९३७ च्या कायद्याने ठरले. माझी सारी उमेद एका राष्ट्रीयीकृत बँकेत गेली. ज्या नावाने पैसा जमा झाला त्याच नावावर खर्ची पडतो, हे ऐकून माझ्यातल्या जुन्या अधिकाऱ्याला बरे वाटले.

पण बाबांना आवडली ती शिकारीची रीत. वसंतात पहाटेच्या अंधारात रानात जायचे, झाडाला पाठ लावून बसायचे आणि लाकडी डबी घासून मादीसारखा आवाज काढायचा. नर त्या आवाजाच्या शोधात येतो. त्याची नजर फार तिखट. बोट हलले तरी तो दिसेनासा होतो. त्यामुळे तासन् तास निश्चल बसावे लागते. गोळी झाडायची वेळ आली तर एकदा, नाही तर तीही नाही.

"म्हणजे बसणंच हाये," बाबा म्हणाले. "थे तर मी रोजच करतो."

आपल्याकडे बंदुकीचा प्रश्नच नव्हता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा घातला, तरी काही पाखरांच्या शिकारीचे परवाने कागदोपत्री शिल्लक होते. १९९१ च्या दुरुस्तीने तेही गेले. म्हणजे बाबांना न्यायचे ते फक्त पाहायला. हे मी जरा भीत भीतच सांगितले. ते म्हणाले, "मारायचं कोण म्हनते बाप्पा? पहिल्यांदा नेते तवा पोराच्या हाती बंदूक देते का कोणी?"

बोलणे झाले एप्रिलमध्ये आणि आम्ही निघालो ते डिसेंबरमध्ये. आधी ऊन. वर्ध्याचा मे महिना अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या माणसाला बाहेर काढण्याचा नव्हे. मग पावसाळा, आमच्या काळ्या मातीत पांदणीला चिखल झाला की बैलसुद्धा गुडघ्यापर्यंत जातो. सप्टेंबरात बाबा न्हाणीघरात पडले. हाड मोडले नाही, पण महिनाभर खाट धरली. त्या महिन्यात त्यांनी शिकारीचा विषय एकदाही काढला नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. या वर्षी नको, पुढच्या वर्षी पाहू, असे घरात सगळ्यांचे म्हणणे. बारा वर्षांचा झाला की नेतो, यापेक्षा ते फारसे वेगळे नव्हते.

या आठ महिन्यांत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली: नेणार आहोत खरे, पण तितर आहेत कुठे? माझ्या लहानपणी त्याला शोधावे लागत नसे. धुऱ्यावरून चालले की पायाजवळून भुर्रकन उडे. एरवी तो उडणारा पक्षी नव्हे. धोका वाटला तर आधी पळेल, अगदीच जिवावर आले तर उडेल आणि थोड्या अंतरावर पुन्हा गवतात उतरेल. अंडी जमिनीवर, खळगा करून, झुडपाच्या आडोशाला. रात्री मात्र बाभळी-बोरीसारख्या बुटक्या काटेरी झाडावर झोपतो. खायला धान्य, गवताचे बी, वाळवी. म्हणजे त्याचा सारा प्रपंच धुऱ्यावरचा. संस्कृतात तो तित्तिर. याज्ञवल्क्याने ओकून टाकलेला यजुर्वेद वैशंपायनाच्या शिष्यांनी तित्तिर होऊन टिपला आणि त्यावरून तैत्तिरीय शाखेचे नाव पडले, अशी जुनी कथा आहे. वेद टिपणाऱ्याला आज आमच्या वावरात दाणा मिळायची पंचाईत.

याला मीही थोडा कारण आहे. ज्वारी गेली आणि सोयाबीन आले, तो बाजाराचा खेळ. तो कोणा एकाच्या हातात नव्हता. पण ट्रॅक्टरची कर्जे, जमीन सपाट करायची कर्जे यांच्या कागदांवर माझ्या सह्या आहेत. ट्रॅक्टरला वळायला जागा हवी, म्हणून चार हात रुंद धुरा दीड हातावर येई. उरलेल्यावर तणनाशक. कर्जाच्या अर्जात विहीर, बैलजोडी, मोटारपंप यांना रकाने असत. धुऱ्याला रकाना नव्हता. धुरा रुंद ठेवणारा शेतकरी आम्हा बँकवाल्यांना आळशी वाटे, आणि तसे मी एकदोघांना ऐकवलेही आहे. वसुली चांगली होती म्हणून माझी बढती झाली. त्या बढतीचे पेढे बाबांनी गावभर वाटले होते.

पहिल्या दिवशी आम्ही आमच्याच वावरात गेलो. शेजाऱ्याने बंडी दिली आणि हाकायला आपला मुलगा दिला. बाबांना बंडीच्या पाटावर बसवत नव्हते, म्हणून हातांची प्लास्टिकची खुर्ची दोरांनी आवळून बांधली. बायकोने स्वेटर, माकडटोपी, त्यावर मफलर आणि त्यावर घोंगडी इतके चढवले, की फक्त नाक दिसत होते. पांदणीने बंडी निघाली तेव्हा पूर्वेला उजेडाचा पत्ता नव्हता. तुरीच्या कडेला खुर्ची मांडली. मी खाली पोत्यावर बसलो.

शिकारीला निघताना काय काय विसरू नये, याचे शास्त्र असणार. आम्ही मोबाइल बंद करायला विसरलो. तो वाजला. मग बाबांच्या कानातले यंत्र शिट्टी मारू लागले, म्हणून त्यांनी ते काढून खिशात टाकले. पुढे कोणाचा तरी ट्रॅक्टर सुरू झाला. दोन मोर मात्र रस्त्याने जावे तसे पऱ्हाटीतून निघून गेले. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलेही नाही. मोर रोज छपरावर येतो.

सूर्य वर आला तेव्हा लांबून, नाल्याच्या पलीकडून, तितर बोलला. त्याचा आवाज ज्याने ऐकला आहे त्याला वर्णन नको, आणि ज्याने ऐकला नाही त्याला कितीही सांगितले तरी पुरायचे नाही. आधी थोडे अडखळल्यासारखे सूर, मग एकदम चढत जाणारी खणखणीत ललकारी, पुन्हा पुन्हा. मी बाबांच्या गुडघ्याला हात लावला. ते समोर बघत होते.

"बोलला," मी त्यांच्या कानाशी म्हणालो.

"कोन?"

"तितर. दोनदा बोलला."

बाबांनी माझ्याकडे पाहिले. "खोटं नको बोलू बाबू," ते म्हणाले. "मह्या मनासाठी नको बोलू."

यंत्र घाईघाईने कानात घातले तोवर तितर गप्प झाला होता. परतताना बंडीत ते कोणाशी बोलले नाहीत. घराजवळ आल्यावर म्हणाले, लहानपणी काका शिकारीहून आले की बाबा विचारीत, काय सापडले? काका म्हणत, काहीच नाही रे, पाखरूही दिसले नाही. त्यांना वाटे, पोराला वाईट वाटायला नको. "अन् परसात पिसं पडली राहत," बाबा म्हणाले.

दुसऱ्यांदा जायचे तर जाणत्याला विचारूनच, असे मी ठरवले. आमच्या भागात जाणता एकच: पारधी. बाबांच्या तरुणपणी एक फासेपारधी कुटुंब दर हिवाळ्यात आमच्या वावरात येई. बांबूच्या खुंट्यांना घोड्याच्या केसांचे फासे बांधून ते धुऱ्यावर ओळीने लावत, पिंजऱ्यातला पाळीव तितर बोलायला ठेवत, आणि त्याच्याशी भांडायला आलेला रानतितर फाशात अडके. मिसुरीच्या लाकडी डबीचेच काम इथे पिंजऱ्यातला तितर करी. फरक इतकाच, की तिथे मादीची हाक, इथे शत्रूची. त्या घरातला एक मुलगा आज साठीला आला आहे. रात्रीची जागल करून लोकांची पिके रानडुकरांपासून राखतो. त्याचे नाव इथे लिहीत नाही. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले त्यांत पारधी आले. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण वर्तमानपत्रात नाव छापून आले की त्या माणसाच्या पोटात अजून गोळा येतो.

पारध्यांना पाखरांचे जे कळते ते पुस्तकात सापडत नाही. अकोला जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या फासेपारध्यांनी कारंजा लाडच्या 'संवेदना' या संस्थेच्या सोबतीने शिकार सोडून गवताळ रान राखायला घेतले आहे. तणमोरासारखा दुर्मिळ पक्षी शोधायला त्यांचेच डोळे कामी येतात. आमच्या माणसाला मी हे सांगितले. तो म्हणाला, "थेईले संस्था भेटली साहेब. आमाले डुक्कर भेटलं."

वर्ध्याच्या लोकांनी २०१८ मध्ये रीतसर मतदान घेऊन नीलपंखाला शहरपक्षी निवडले, तेव्हा त्याला कोणी काही विचारले असेल असे वाटत नाही. बाबांची तक्रार वेगळी होती. लोकसभेच्या निवडणुकीला पंच्याऐंशीवरच्यांचे मत घ्यायला अधिकारी घरी आले. पाखरांच्या निवडणुकीला कोणी का आले नाही?

तो माणूस बाबांना भेटायला आला, पायाशी बसला. त्याने जागा सांगितली: नदीकडची पडीत जमीन, जिच्या वारसांचे भांडण कोर्टात आहे म्हणून पंचवीस वर्षे नांगर लागला नाही. तिथे गवत आहे आणि सात-आठ बाभळी. "दाव्याचा निकाल लागला की थेही गेलं," तो म्हणाला. मी त्याला विचारले, तू आवाज काढून तितराला जवळ बोलवशील का? मला खात्री हवी होती. या वेळी बाबांना काहीच दिसले नाही तर तिसऱ्यांदा ते येतील असे मला वाटत नव्हते.

त्याने मान हलवली. "बोलावलं तर येईन साहेब. पण मंग दुसरा नर घुसला म्हनून दिवसभर फिरत राहीन, चारा खानार नाही. आता फासा नाही लावत, तं कायले बोलवा?"

मी गप्प बसलो. बाबा म्हणाले, "बरोबर हाये त्याचं."

पाच दिवसांनी आम्ही पुन्हा निघालो. या वेळी तो आमच्या पुढे चालत होता. बंडी त्याने लांबच थांबवली आणि खुर्ची डोक्यावर घेतली. मग मी आणि बंडीवाल्या मुलाने बाबांना दोन्ही बाजूंनी धरून शंभरेक पावले चालवले. एवढ्या अंतराला वीस मिनिटे लागली. खुर्ची वाऱ्याच्या उलट अंगाला, पळसाच्या आडोशाने ठेवली. हात वर करायचा नाही, बोट दाखवायचे नाही, असे बजावून तो मागे उकिडवा बसला. बाबांनी कानातले यंत्र स्वतःच काढून माझ्या हातात दिले.

थंडी होती. गवतावर दहिवर इतके, की धोतराचा काठ ओला झाला. उजाडू लागले तसे बाभळीचे एकेक झाड वेगळे दिसू लागले. दुर्बीण लावून मी एकेक फांदी तपासत होतो. काचेवर माझ्याच श्वासाची वाफ धरत होती.

आणि तितर बोलला. अगदी जवळ, इतका जवळ की मी दचकलो. मी दुर्बीण इकडे फिरवली, तिकडे फिरवली. गवत, गवत आणि गवत. बाबांकडे बघायचा मला धीर होईना. त्यांना ऐकू गेले नव्हते, हे मला कळत होते. आता पुन्हा मी 'बोलला' म्हणणार आणि पुन्हा ते माझ्याकडे तसेच पाहणार.

तेवढ्यात माझे मनगट कोणीतरी पकडले. बाबांनीच. त्यांच्या हातात एवढी ताकद उरली असेल हे मला ठाऊक नव्हते.

"पाच," ते म्हणाले.

"कुठे?"

त्यांनी बोट दाखवले नाही. सांगितलेले पाळण्यात ते पहिल्यापासून पक्के. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूनंतर बसवलेली भिंगे. जवळचे अक्षर वाचता येत नाही, पण लांबचे माझ्यापेक्षा स्वच्छ दिसते. मी चष्मा पुसला, दुर्बीण लावली, काढली. मला काही दिसेना.

"चार गेले पलीकडं," बाबा हलक्या आवाजात, स्वतःशीच बोलावे तसे म्हणाले. "एक मागं राह्यला."

मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत. माझे मनगट त्यांच्या मुठीत तसेच होते. तितर पुन्हा बोलला, आता थोडा लांबून. माझ्या कानांना दिशा कळली, पण डोळ्यांना नाही. शेवटी त्यांची मूठ सैल झाली.

"गेला. भेटला त्याईले."

मागून पारधी उठला, गुडघे झाडले. बाबांना न ऐकू आलेले मी ऐकले आणि मला न दिसलेले त्यांनी पाहिले, हे त्याने मागे बसून बरोबर ताडले होते. "दोघं मिळून एक शिकारी झाला," तो म्हणाला आणि तोंडावर पंजा धरून हसला. बाबांना मी ते मोठ्याने सांगितले. तेही हसले. मग त्यांनी त्याला विचारले, तुझा बाप इथेच फासे लावायचा ना? तो म्हणाला, इथे नाही, नाल्याच्या त्या अंगाला. इथे तुमचे वडील बंदूक घेऊन यायचे, म्हणून आम्ही इकडे येत नव्हतो.

बाबांनी त्या पडीत जमिनीकडे पुन्हा एकदा पाहिले. त्यांना ती जागा ठाऊक नव्हती. आयुष्य आंजीत गेले, पण आजोबा नेमके कुठे जात, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

बंडीत बसताना खुर्चीचा एक पाय तडकलेला दिसला. थर्मासातला चहा आम्ही चौघांनी झाकणातून पाळीपाळीने प्यायला. पांदणीत चाक दगडावरून गेले तसे बाबा जरा कण्हले, मग म्हणाले, "लाव्हा कुठं सापडते आता?"

"गवतातच हाये बाबाजी," पारधी म्हणाला. "पण थ्याले अजून लवकर यावं लागते. आज उशीर झाला."

"ह्याच्यानं झाला," बाबांनी माझ्याकडे मान वळवली. "चष्माच सापडत नव्हता ह्याचा."